पांढरट साप : विषारी मण्यार की बिनविषारी कवड्या?

रानवाट: विहिरीच्या कठड्याखाली हातभर लांबीचा गुलाबीसर पांढरा साप दिसला. पट्टे जवळपास नाहीतच. मण्यार की कवड्या? अल्बिनो (काळं रंगद्रव्य नसलेला) म्हणायचा की ल्युसिस्टिक (सगळीच रंगद्रव्यं कमी असलेला)?

खवलेमोजणी: रंग बाजूला ठेवा. कवड्याचे पट्टे शेपटीकडे विरळ होतात, मण्यारीचे डोक्याकडे. पण पट्टेच नसतील तर हा नियम कुचकामी. पाठीच्या मधोमध खवल्यांची ओळ बघा. मण्यारीत ती मोठ्या, षटकोनी खवल्यांची असते, कवड्यात सगळे खवले सारखेच. हे लांबून, झूम करून टिपा. रंग गेला म्हणून विष कमी होत नाही, तेव्हा खात्री होईपर्यंत मण्यारच समजा.

पाणकळा: पुढचा निकष डोळे. लाल किंवा गुलाबी असतील तर अल्बिनो, काळे असतील तर ल्युसिस्टिक. अल्बिनोत मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य नसतं, पिवळं रंगद्रव्य मात्र राहू शकतं. पिवळसर अल्बिनो नाग दिसतो तो त्यामुळेच. डोळे निळसर, दुधाळ असतील तर साप कात टाकणार आहे, कातडीही तेव्हा फिकी दिसते. फ्लॅशने फोटोत पांढरं अंग जळून जातं आणि उरलेसुरले पट्टेही पुसले जातात. फ्लॅश बंद, एक्स्पोजर थोडं खाली.

सडा: अशी पिल्लं पावसाळ्याच्या तोंडाशी जास्त दिसतात, कारण अंडी तेव्हा फुटतात. घार-मुंगुसाच्या नजरेत लगेच भरतात, मोठी क्वचितच होतात. म्हणून कृपा करून नेमकी जागा इथे टाकू नका, तस्कर टपलेले असतात. पकडणं, घरी ठेवणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. अडकला असेल तर वनविभागाला १९२६ वर कळवा.