शाळेच्या मैदानात मातीचा भाग राखण्यासाठी मार्गदर्शन हवे आहे

माझ्या मुलीच्या शाळेत उरलेल्या मैदानावरही रबरी आच्छादन घालण्याचा प्रस्ताव असून, पालक समितीपुढे मला माझे मत लेखी मांडायचे आहे. आमच्या लहानपणी लोखंडी घसरगुंडीखाली टणक जमीन असे आणि पडल्यावर हाड मोडण्याची भीती खरी होती, हे मी मान्य करते. रबर तो आघात शोषून घेते. परंतु ते उन्हात फार तापते, आणि खड्डा खणणे, पाण्याला वाट काढून देणे, काटक्यांचे घर रचणे असे मुलांनी स्वतः शोधलेले खेळ त्यावर होऊच शकत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. कोपनहेगनमधील एम्ड्रुप येथे १९४३ मध्ये टाकाऊ सामानाचे मैदान, म्हणजे अशा सामानातून मुलांनी स्वतः हवे ते रचावे अशी खेळाची जागा, मुलांसाठी खुले झाले, ते याच गरजेतून.

झोपाळे व घसरगुंडीखाली रबर ठेवून उरलेली जागा मातीची राखावी, असे मी सुचवणार आहे. आपल्यापैकी कोणी असे करून घेतले आहे का? चिखल, देखरेख आणि दुखापतीची जबाबदारी या शिक्षकांच्या आक्षेपांना आपण काय उत्तर दिलेत, हे कृपया सविस्तर कळवावे. समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे.