बिडी ओढायची जागा बदलली, बिडी सुटत नाही. वडिलांसाठी काय करू?

तापीकाठचा:
राम राम मंडळी. चोपडा तालुक्यात आमची केळी अन् कापूस. अण्णा सत्तरीपार. बिडी मिसरूड फुटल्यापासूनची.

मी लहान असताना एसटीत मागच्या बाकावर सर्रास बिडी पेटायची. लग्नात पंगत उठली की पानसुपारीच्या तबकात बिडी-काडी असायचीच. 2008 च्या 2 ऑक्टोबरला सार्वजनिक जागी धूम्रपानबंदीचे नियम आले. आता तबकात बिडी ठेवली तर यजमानालाच लाज वाटेल. अण्णाही नातू अंगणात असला की गोठ्यामागे जातात. पण जातात, दिवसातून कितीदा तरी.

बंडलावरचं इशाऱ्याचं चित्र ते बघतच नाहीत. दुकानातून आले की कागद फाडून फेकतात, बिड्या पत्र्याच्या डबीत. काही म्हटलं की, "तुले काय करनं शे?"

आता छातीत घरघर आहे. रात्री खोकल्याची उबळ आली की घरातलं कुणीच झोपत नाही. मला खरंच जाणून घ्यायचंय, या कायद्यांनी जुन्या माणसाची सवय सुटते का? की फक्त नवी पोरं वाचतात?

निवृत्त कंडक्टर, भुसावळ:
भाऊ, हा फरक मी गाडीत उभा राहून पाहिलाय. आधी "बिडी विझवा" म्हटलं की भांडण ठरलेलं. "तुझ्या बापाची गाडी आहे का?" हे तर रोजचं. नियम आल्यावर दंड 200 रुपये, पण तो वसूल झालेला मी क्वचितच पाहिला. तरी बदल झाला, कारण प्रवासी बोलायला लागले. एरंडोलच्या थांब्यावर लेकराला कडेवर घेतलेली बाई मला म्हणाली नाही, सरळ त्या माणसाला म्हणाली, "बाबा, खाली उतरून ओढा." अन् तो उतरला! तिच्या पाठीशी कायदा होता म्हणून ती बोलली. ही मोठी गोष्ट आहे. अण्णा गोठ्यामागे जातात, म्हणजे त्यांनाही ते पटलंय.

टपरीवाला, अमळनेर:
सुट्टी सिगारेट-बिडी विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे. मी देत नाही. गिऱ्हाईक पुढच्या टपरीवर जातं, तिथे मिळते. सुटी घेणाऱ्याला पाकिटावरचं चित्र दिसतच नाही, पैसेही एकदम जात नाहीत. कॉलेजचं पोरगं तिथेच अडकतं. अण्णा तर बंडलच घेतात, त्यांना या बंदीचा काय फरक पडणार?

समुपदेशक, धुळे:
दादा, फरक पडतो, पण सगळ्यांवर सारखा नाही. 2009-10 आणि 2016-17 अशी तंबाखूच्या सवयीवर देशभर दोन सर्वेक्षणं झाली. त्यात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ 6.6 टक्क्यांवरून 3.8 वर आले. खाण्याचा तंबाखू मात्र 24.4 टक्क्यांवर होता, त्याचं दुखणं वेगळं. दुसऱ्या सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त बिडीवाल्यांनी सांगितलं की इशारा बघून सोडावीशी वाटली. म्हणजे इच्छा जागी होते, पुढे हात धरायला कुणी नसतं. त्यात बिडी स्वस्त. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी कौन्सिलने सिगारेट 40 टक्क्यांत टाकली आणि बिडी 28 वरून 18 वर आणायचं ठरवलं. मला हे अजिबात पटलेलं नाही. आपल्या सातपुड्यात बिडीसाठी तेंदूपत्ता तोडणाऱ्यांचं पोट त्यावर आहे हे मान्य, पण ओढणाराही गरीबच आहे.

बिडी हलकी असते हा समज आधी काढा. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, म्हणून ती विझते. विझू नये म्हणून माणूस जोरात आणि सारखे झुरके घेतो.

डबी हिसकावू नका, चोरून ओढतील. पहिले तीन-चार दिवस तलफ सगळ्यात जास्त असते, चिडचिड होते, झोप उडते. कापणी किंवा लग्न नाही असा आठवडा बघा. 1800-11-2356 हा सरकारचा मोफत नंबर आहे, मराठीत बोलता येतं. 2018 पासून तो पाकिटांवर छापणं सक्तीचं आहे. अण्णा फेकतात त्या कागदावरही असेल.

तापीकाठचा:
ताई, नंबर घेतला. अण्णांना फोनवर कमी ऐकू येतं, स्पीकर लावून मी शेजारी बसेन. ते तलफ कमी करायचं निकोटिनचं च्युइंगम सरळ मेडिकलमधून आणू का? त्यांना कवळी आहे.

समुपदेशक, धुळे:
कवळीला ते चिकटतं. त्यांना अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी बरी पडेल. पण छातीत घरघर आहे, तेव्हा आधी चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टर ठरवतील ती मात्रा आणा.