चष्मा, टीम्स कॉल आणि लांबचं विमान: एएनसी हेडफोन दुकानातच कसे पारखायचे?

चिंचवडकर_७
बजेट तीस हजारांच्या आसपास. डोळ्यांसमोर सोनी एक्सएम५, बोस क्वाएटकम्फर्ट अल्ट्रा आणि सेनहायझर मोमेंटम ४ आहेत. वापर तीन ठिकाणी: डेक्कन क्वीन, वर्षातून एक-दोनदा फ्रँकफर्टचं विमान आणि ओपन ऑफिसात दिवसभर टीम्स. लॅपटॉप विंडोजचा, फोन अँड्रॉइड, चष्मा कायमचा. रिव्ह्यू वाचून कंटाळा आला, सगळीकडे तेच "जादुई शांतता". दुकानात अर्धा तास मिळाला तर नेमकं काय तपासावं? आणि एक शंका: कॉल सुरू झाला की मागचं गाणं एकदम डब्यातून आल्यासारखं होतं. हा हेडफोनचा दोष समजायचा का?

तारयंत्र
आधी शांततेचं, म्हणजे एएनसीचं (बाहेरचा आवाज खोडून काढणारी सोय) बघू. बाहेरचा माइक आवाज पकडतो आणि आतला स्पीकर त्याची उलटी लाट सोडतो. हे जमतं ते खालच्या, एकसुरी आवाजात: विमानाचं इंजिन, एसी, रेल्वेच्या डब्याची घरघर. साधारण १००० हर्ट्झच्या वर मुख्य काम कानावरच्या गादीचंच असतं. म्हणून रडणारं मूल, चहावाल्याची हाक, शेजारच्या टेबलावरचं बोलणं हे सगळं कमी होतं पण येतंच. सेल्समन "काहीच ऐकू येणार नाही" म्हणाला तर मान डोलवा आणि पुढे चला.

तुमच्या बाबतीत खरा मुद्दा चष्मा. काडी गादीखालून जाते, तिथे फट राहते आणि फटीतून सगळ्यात आधी शिरतो तो खालचाच आवाज, म्हणजे एएनसी ज्यासाठी घ्यायचं तोच. जाड प्लॅस्टिकच्या काडीने जास्त, बारीक धातूच्या काडीने कमी. तपासणी सोपी आहे. गाणं बंद, एएनसी चालू, चष्मा घालून दुकानातल्या फ्रिजच्या किंवा मोठ्या एसीच्या शेजारी उभे राहा. दोन्ही कप तळहाताने हलकेच आत दाबा. दाबल्यावर घरघर स्पष्ट कमी झाली तर तुमच्या डोक्यावर तो हेडफोन नीट बसत नाही, मग परीक्षणात त्याला कितीही गुण असोत. तसंच उभं राहून जबडा हलवा, मान वळवा, जांभई द्या. प्रत्येक वेळी आवाज आत-बाहेर होत असेल तर डब्यात वडापाव खाताना तेच होणार.

दुसरी युक्ती: एका कपावर तळहाताने पटकन थाप मारा. आत फट्‌ किंवा गुरगुर ऐकू आली तर माइकला तो दाब झेपत नाही. खंडाळ्याच्या घाटात शिवनेरी हादरली की नेमकं हेच होतं.

वजन: एक्सएम५ २५० ग्रॅम, मोमेंटम ४ २९३ ग्रॅम. कोणी एअरपॉड्स मॅक्स सुचवेल, ते ३८५ ग्रॅमच्या घरात जातात. टाळूवर पट्टा टोचतोय का हे दोन मिनिटांत कळत नाही, वीस मिनिटं डोक्यावर राहू द्या. लाज बाळगू नका.

हिंजवडी_फेज२
कॉलवर डब्यातून आल्यासारखा आवाज हा दोष नाही, ब्लूटूथची रीत आहे. गाणं ऐकताना स्टीरिओची वाट वेगळी. हेडफोनचा माइक चालू झाला की जुनं ब्लूटूथ कॉलच्या वाटेवर जातं, तिथे टेलिफोनच्या दर्जाचा मोनो आवाज. ब्लूटूथच्या नव्या पद्धतीत, एलई ऑडिओत, ही अडचण सुटते, पण लॅपटॉपची चिप, विंडोज ११ चं नवं अपडेट आणि हेडफोन तिघांनाही ते यायला हवं. ऑफिसच्या लॅपटॉपवर भरवसा ठेवू नका.

आजचा उपाय: टीम्स, सेटिंग्ज, डिव्हाइसेस. स्पीकर म्हणून हेडफोन, मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा माइक. ऐकायला लगेच स्वच्छ. मात्र ओपन ऑफिसात लॅपटॉपचा माइक शेजाऱ्याचंही बोलणं पुढे पाठवतो, तेव्हा टीम्सचं नॉइज सप्रेशन (मागचा गोंगाट कमी करणारी सोय) चालू ठेवा. त्याच पानावर टेस्ट कॉलही आहे, स्वतःचा आवाज ऐकून बघा.

माझं स्पष्ट मत: दिवसातले चार-पाच तास बोलण्यात जात असतील तर तुमच्या यादीतला एकही हेडफोन त्या कामाचा नाही. माइक गालाच्या मागे कपावर असतात, तोंडापासून लांब. जब्रा इव्हॉल्व्ह२ ८५ सारखा दांडीचा माइक असलेला घ्या. त्याची एएनसी बोस-सोनीइतकी नाही, पण पलीकडच्याला तुम्ही नीट ऐकू येता. शिवाय त्याचा यूएसबी डोंगल (लॅपटॉपला खोचायचा छोटा तुकडा) संगणकाला साधं यूएसबी ऑडिओ उपकरण वाटतो, त्यामुळे आयटीने ब्लूटूथ बंद केलं असलं तरी बहुधा चालतो.

सोनीच घेतलात तर अ‍ॅपमधलं 'स्पीक टू चॅट' (तुम्ही बोलू लागलात की गाणं थांबवणारी सोय) पहिल्या दिवशी बंद करा. खोकलात तरी गाणं थांबतं.

चिंचवडकर_७
बोलणं रोज दोन तासच, बाकी ऐकणं. तेव्हा दांडीवाला नको. विमानातल्या स्क्रीनला हे जोडायचे कसे?

गेट_क्रमांक_४
वायरने. वायरलेस घेताना वायरच सगळ्यात दुर्लक्षित राहते. बहुतेक सीटला ३.५ मिमीचं भोक असतं, जुन्या विमानांत दोन भोकं, त्यासाठी दोन पिनांचा छोटा अडॅप्टर लागतो, तो हँडबॅगेत टाकून ठेवा. सोनीला दोन्हीकडे ३.५, म्हणजे कुठलीही साधी वायर चालते. बोस अल्ट्राला हेडफोनच्या बाजूला २.५ मिमी. ती वायर हरवली तर विमानतळावरच्या दुकानात मिळेलच असं नाही, जोडी घेऊन ठेवा.

बॅटरी तिघांचीही पुरते: एक्सएम५ ३० तास, बोस २४ (इमर्सिव्ह, म्हणजे आवाज भोवतीने आल्यासारखा वाटवणारा मोड, चालू ठेवला तर १८), मोमेंटम ६०. पण एक्सएम५ चार्जिंगला लावला की वाजत नाही. रात्रीच्या विमानात पॉवर बँक लावून सिनेमा बघू म्हणाल तर जमणार नाही. २०२५ च्या एक्सएम६ मध्ये हे सुधारलंय, आणि तो घडीही होतो. एक्सएम५ ची घडी होत नाही, केस बॅगेची निम्मी जागा खाते. बोसची होते.

प्लॅटफॉर्मवर उभे असताना ट्रान्सपरन्सीवर, म्हणजे बाहेरचा आवाज आत सोडणाऱ्या मोडवर ठेवा. पुणे स्टेशनवर ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा एएनसीत हमखास हुकते.

गादी_बदलून_मिळेल
सगळे नव्याबद्दल बोलताहेत, मी दोन वर्षांनंतरचं सांगतो. गादीवरचं आवरण लेदर नसतं, पॉलियुरेथेन असतं. घाम आणि आपल्याकडची दमट हवा, त्याचे पोपडे निघणारच. पुसायला किंचित ओलं मऊ कापड, मग कोरडं. स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, आवरण कडक होऊन चिरतं. पोपडे निघाल्यावर कंपनीची मूळ गादीच घ्या. ऑनलाइन स्वस्त गादी दिसायला सारखी असते, पण फोम आणि जाडी वेगळी. कपाच्या आतला माइक ठरावीक पोकळीसाठी जुळवलेला असतो. ती बदलली की एएनसी अर्धी होते आणि लोक हेडफोन बिघडला समजतात. बिल करायच्या आधी विचारा: मूळ गादी इथे मिळते का, कितीला?

पट्टा घट्ट वाटला म्हणून रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायचा सल्ला यूट्यूबवर मिळेल. तो बिजागरीच्या जीवावर उठतो. घट्ट असेल तर दुसरं मॉडेल बघा.

बिल जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर, तोच खोक्यावर आणि हेडफोनवर. दुबईहून आणलेला पीस स्वस्त दिसतो, पण इथे वॉरंटी चालेल का हे आधी सेवा केंद्राला विचारा, विकणाऱ्याला नाही. एक्सएम५ ला पाण्यापासून संरक्षणाचं कुठलंही मानांकन नाही, जुलैत बॅगेत केसमध्येच.

तारयंत्र
चिंचवडकर, दोन तास बोलणं आणि चष्मा, तर मी आधी बोस घालून बघेन, मग सोनी. दुकानात डेमो पीस टेबलाला साखळीने बांधलेला असतो, फ्रिजपर्यंत पोचत नाही, सोडवायला सांगा. आणि तो कोणत्या मोडवर आहे ते अ‍ॅपमध्ये बघून घ्या. बरेचदा आधीच्या गिऱ्हाइकाने अँबियंटवर, म्हणजे ट्रान्सपरन्सीसारख्याच मोडवर, सोडलेला असतो, आणि मग "याची एएनसी काही खास नाही" असं म्हणत माणूस भलताच हेडफोन उचलतो.