रात्री कोण असतं, ते आधी विचारा
ताई, मुलाला निवासी संस्थेत ठेवताना काय बघावं, असं तुम्ही विचारलंय. माझा धाकटा भाऊ स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, आम्ही सांगलीचे. त्याच्या पहिल्या संस्थेची इमारत चकाचक होती, पण वर्षात चार काळजीवाहक बदलले. दर वेळी तो जेवण सोडायचा. वरण भाताला लागलेलं त्याला चालत नाही, एवढं साधं नव्या माणसाला कुणी सांगितलेलंच नसायचं! रात्री कोण असतं, किती वर्षं टिकलंय, हे विचाराच. संध्याकाळी न कळवता जाऊन या.

आणि मुलगा १८ वर्षांचा झाला की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. आमच्या आईने तो फार उशिरा केला.