‘जनुकीय दोष’ म्हणावं की ‘जनुकीय भेद’?

प्रोस्टेटच्या कर्करोगावर मराठीत लेख लिहिते आहे. काही जनुकांतल्या फरकांमुळे पुरुषी संप्रेरकांचा (हार्मोन्सचा) चयापचय माणसागणिक थोडा बदलतो. या फरकांसाठी मी ‘जनुकीय दोष’ लिहिलंय, पण ते खटकतंय. ‘उत्परिवर्तन’ (म्युटेशन) चालेल का?

— ‘दोष’ नकोच, वाचणारा उगाच धास्तावेल. ५-अल्फा रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन करतं. प्रोस्टेटच्या पेशींवर खरा जोर या दुसऱ्या संप्रेरकाचा. या विकराच्या एसआरडी५ए२ या जनुकात असा एक भेद आहे की विकराच्या साखळीत ८९व्या जागी व्हॅलीन या अमिनो आम्लाऐवजी ल्यूसीन येतं आणि विकर जरा संथ चालतं. ४९व्या जागच्या एका भेदाने उलट वेग वाढतो. दोन्हीकडची माणसं धडधाकट असतात, मग सदोष कोणाला म्हणायचं? ‘जनुकीय भेद’ लिहा. ‘उत्परिवर्तन’ चूक नाही, पण सामान्य वाचकाला त्यातही बिघाडच ऐकू येतो.

डॉमिनिकन प्रजासत्ताकातल्या ज्या कुटुंबांचं वर्णन १९७४ साली प्रसिद्ध झालं, त्यांच्यात हेच विकर जवळपास निकामी होतं आणि त्या पुरुषांची प्रोस्टेट आयुष्यभर लहान राहिली. तिथे ‘विकराची कमतरता’ म्हणणं रास्त आहे.

— आणि ‘धोका’ की ‘जोखीम’?

— जोखीम. क्रियापदही जपून वापरा. ‘या भेदामुळे कर्करोग होतो’ असं अजिबात लिहू नका. सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत संबंध दिसले, पण मोठ्या एकत्रित विश्लेषणांत त्यातले बरेचसे विरले. रक्तातल्या पुरुषी संप्रेरकांच्या पातळीचंही तेच: १८ अभ्यासांची माहिती २००८ साली एकत्र तपासली, तेव्हा जोखमीशी संबंध आढळला नाही. तरी ५-अल्फा रिडक्टेज रोखणाऱ्या फिनास्टेराइड या औषधाने या कर्करोगाचं प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटल्याचं २००३ साली दिसलं. म्हणजे संप्रेरकांचा हात आहे, पण एकेकट्या भेदावर बोट ठेवता येत नाही. ‘संबंध आढळला’, ‘जोखीम किंचित वाढते’, इतपतच लिहावं.

— एक भर. ‘जनुकीय’ आणि ‘आनुवंशिक’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नका. गाठीच्या पेशींत नंतर झालेले बदल जनुकीयच असतात, पण ते मुलांकडे जात नाहीत. लेखात दोन्ही येणार असतील तर जन्मजात भेदांना प्रत्येक वेळी ‘आनुवंशिक’ जोडा, वाक्य लांबलं तरी चालेल.