मदत हवी आहे : सौंदर्योपचाराच्या (कॉस्मेटॉलॉजी) आयटीआय अभ्यासक्रमातील उपस्थितीबाबत

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी आयटीआयमध्ये बेसिक कॉस्मेटॉलॉजी हा एक वर्षाचा ट्रेड शिकत आहे. अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसण्यासाठी 80 टक्के उपस्थिती आवश्यक असते, हे प्रवेशाच्या वेळीच सांगितले होते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र सकाळची एसटी वरचेवर उशिरा येते आणि दहा मिनिटे उशीर झाला तरी हजेरीपुस्तकात अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लागते. त्यात मधल्या काळात तिला कावीळ झाल्याने जवळजवळ तीन आठवडे घरीच राहावे लागले, त्यामुळे आता टक्केवारी काठावर आली आहे.

शिस्तीचे इतर नियम ती मनापासून पाळते. पांढरा एप्रन, घट्ट बांधलेले केस, कापलेली नखे, फेशियल करताना हातात अंगठी नाही, प्रत्येक ग्राहकानंतर कंगवे निर्जंतुक करणे, हे सगळे मला योग्यच वाटते. उद्या कुणाच्या चेहऱ्याला हात लावायचा तर एवढी काळजी हवीच.

माझे प्रश्न असे : आजारपणाच्या रजेसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास उपस्थितीत सवलत मिळते का? बुडालेली प्रात्यक्षिके जादा तासांत भरून काढण्याची परवानगी प्राचार्य देऊ शकतात का, आणि त्यासाठीचा अर्ज निदेशकांमार्फत (ट्रेड शिकवणाऱ्या शिक्षकांमार्फत) करावा की थेट? ज्यांच्या मुलामुलींनी ही अडचण सोडवली आहे, त्यांनी अर्जातील मजकुरासह कृपया मार्गदर्शन करावे.