कामाचे मेसेज, स्कीमची कामं, पाहुणे : कुठून आवरायला सुरुवात करावी?

नंदनवन_ताई
नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स पाहते. सहा दिवसांचा आठवडा, रोज नऊ तास. नंदनवनहून मेट्रोने लोकमान्यनगर आणि पुढे ऑटो, घर ते टेबल एक तास. रात्री साडेआठनंतर साहेबांचे व्हॉट्सॲप सुरू होतात. आमच्या फ्लॅट स्कीमची (सोसायटीची) सेक्रेटरी मीच, त्यामुळे पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळे फोन मला. रविवार साक्षगंध (साखरपुडा), लग्न, वास्तुपूजनात जातो. मुलगा सातवीत आहे, त्याच्याजवळ बसायला वेळ उरत नाही. नोकरी सोडायची नाही, नाती तोडायची नाहीत. नेमकं काय करू?

धरमपेठ_समुपदेशन
ताई, कोणाला काही सांगण्याआधी कागदावर तास मांडा. आठवड्याचे 168 तास. सात तासांची झोप धरली तर 49, काम 54, प्रवास 12, स्वयंपाक-जेवण-आंघोळ-आवराआवर रोज साडेतीन म्हणजे साडेचोवीस. उरले साडेअठ्ठावीस. त्यातले साडेतेरा एकट्या रविवारचे, बाकी दिवशी रोज फक्त अडीच तास. रात्रीचे मेसेज दीड तास खात असतील तर मुलाच्या वाट्याला काय येणार, हे कागदच दाखवतो. हा हिशेब नवऱ्यासोबत बसून करा. साडेतीन तासांच्या घरकामातला एक तास त्यांच्याकडे गेला, तर आठवड्याला सात तास मोकळे होतात. हा तुकडा लहान नाही.

मग तीनच गोष्टी निवडा आणि प्रत्येकीपुढे वार-वेळ लिहा : मुलाचा अभ्यास सोम ते शुक्र 8.45 ते 9.30, स्वतःचं चालणं, घरच्या थोरांसोबतचा वेळ. जिच्यापुढे वेळ लिहिता येत नाही ती तूर्तास बाजूला ठेवा. सगळे साडेअठ्ठावीस तास मात्र भरू नका. सात-आठ तास रिकामे सोडा. ताप येतो, पाहुणे न सांगता येतात, गॅस संपतो. पूर्ण भरलेलं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात मोडतं आणि माणूस सगळंच सोडून देतो.

बुटीबोरी_एचआर
साहेबांपुरतं लिहितो. अकाउंट्समध्ये कामाच्या वेळेची सीमा महिन्याच्या तारखा बघूनच आखावी लागते. 7 ला टीडीएस (कापून घेतलेला आयकर) भरणा, 11 ला जीएसटीआर-1 (विक्रीचं जीएसटी रिटर्न), 15 ला पीएफ-ईएसआय (कामगारांचा भविष्यनिधी आणि विमा), 20 ला 3बी (जीएसटी भरण्याचं रिटर्न), मासिक रिटर्न धरून. 19 तारखेला "रात्री मेसेज नको" म्हटलं तर ते टाळाटाळ वाटणारच. बोलणं 21 ते 25 च्या दरम्यान, दुपारच्या चहाच्या वेळी, समोरासमोर करा.

"मेसेज करू नका" असं म्हणू नका. त्यांनी काय करायचं हे तुमच्या हातात नाही. तुम्ही काय करणार तेवढं सांगा : "साडेआठनंतर मी व्हॉट्सॲप बघत नाही. सकाळी आल्याबरोबर पहिली वीस मिनिटं तुमच्याच मेसेजना देते. बँक किंवा रिटर्न अडलं तर सरळ फोन करा. 6, 10, 14 आणि 19 तारखेला मी दहापर्यंत आहे." चार रात्री तुम्ही आपणहून देताय म्हटल्यावर बाकीच्या रात्री मागणं सोपं जातं.

मेसेज रात्रीच का येतात तेही बघा. बहुतेक ठिकाणी डिस्पॅचची बिलं मालकाकडे संध्याकाळी पोचतात आणि तेव्हाच प्रश्न सुचतात. निघण्याआधी तीन ओळी पाठवा : आज काय झालं, काय अडलं, उद्या काय. निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

फोनचं : ऑफिसचा ग्रुप कायमचा म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाका. अँड्रॉइडवर डू नॉट डिस्टर्ब रात्री 8.30 ते सकाळी 7 लावा, घरच्यांचे नंबर स्टार करून त्यांच्या कॉलना परवानगी द्या आणि पुन्हा कॉल करणाऱ्यांची सोय चालू ठेवा. पंधरा मिनिटांत त्याच नंबरवरून दुसरा कॉल आला तर घंटी वाजते. साहेबांना "दोनदा लावा" एवढं सांगून ठेवा. ज्या चार रात्री कबूल केल्या त्या रात्री हे आठवणीने बंद करा, नाहीतर शब्द फुकट जातो.

बिघडतं कुठे? अकरा वाजता "पाहिलं, उद्या करते" एवढंही लिहिलंत तर समोरच्याला कळतं की अकरालाही उत्तर मिळतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे मेसेज उलट वाढतात, कारण जुनी सवय जोर लावून बघते. नेमके तिथेच लोक ढिले पडतात.

सक्करदरा_काकू
नात्यांचं सांगते. "बघते", "प्रयत्न करते" हे आपल्याकडे होकारच धरतात. मग तुम्ही गेला नाहीत की राग, आणि तो रास्तही असतो. आमंत्रण आलं की दोन दिवसांच्या आत स्पष्ट सांगा : "साक्षगंधाला जमणार नाही, लग्नाला नक्की येते." सख्ख्यांकडे सगळं, चुलत-मावस नात्यात एकच कार्यक्रम, ओळखीपाळखीत घरी जाऊन आहेर. मयत आणि तेरवीला मात्र हा हिशेब लावू नका बाई, तिथे जायचंच. महिन्यातला एक रविवार घराचा, तो कॅलेंडरवर आधीच लिहा. नकाराची कारणं सांगत बसू नका. कारण दिलं की समोरचा त्यावर उपाय सुचवतो आणि तुम्ही अडकता. सासरच्यांना नवऱ्याने सांगावं, माहेरी तुम्ही. उलटं केलं की सून वाईट ठरते.

स्कीमसाठी : शनिवारी 7 ते 8 एवढीच वेळ, लिफ्टजवळ कागद लावा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, टँकर, लिफ्टवाल्यांचे नंबर वॉचमनकडे द्या आणि किती रुपयांपर्यंतचं काम त्याने न विचारता करून घ्यायचं ते कमिटीच्या सभेत लिहून ठेवा. ही रक्कम ठरली नाही तर नंबर देऊनही फोन तुम्हालाच येतो.

नंदनवन_ताई
सेक्रेटरीपद सोडायचंच असेल तर? आणि मार्च-एप्रिलमध्ये हे सगळं कसं टिकेल?

बुटीबोरी_एचआर
पद तोंडी सोडू नका. अध्यक्षांना लेखी पत्र, पोच घ्या. रजिस्टर, पावतीपुस्तकं, चाव्या यादी करून नव्या माणसाच्या सहीने सोपवा. बँकेत सही बदलेपर्यंत चेकसाठी लोक तुमच्याच दारात येतील, म्हणून ते काम पहिल्यांदा करा.

मार्चला वेगळा नियम लागतो. वर्षअखेर, आणि मार्चचा टीडीएस 30 एप्रिलपर्यंत, त्यामुळे तेव्हा उशिरा थांबावं लागेल. फेब्रुवारीतच साहेबांशी बोलून त्या बदल्यातल्या सुट्ट्यांच्या तारखा मेलवर घ्या. "नंतर बघू" वर थांबू नका, मेमध्ये ते कोणालाच आठवत नाही. विदर्भात शाळा बहुतेक वर्षी जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून तारखा जूनच्या चौथ्या आठवड्यातल्या मागा. 20 चं रिटर्न आधीच तयार ठेवलंत तर 21 नंतरचे चार-पाच दिवस सलग मिळू शकतात, आणि शाळा तोवर उघडली नसेल तर मुलगाही घरीच असेल.